जांभळा डाग आणि काल्याचं कीर्तन

मित्रांनो, हल्ली तुमच्या घरातले कॉम्प्युटरचे पडदे फोटोच्या चौकटीसारखे सपाट असतात. भिंतीला पाठ टेकून उभे राहतात नि वाऱ्यालासुद्धा हलतात. मी त्यांच्या जातीचा नाही. मागे भलंमोठं पोट असलेला, एकट्यानं उचलला तर कंबर धरायला लावणारा, असा मी एक जुना मॉनिटर आहे. औंढा नागनाथला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवहारचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. अंगावर केशरी काठाचा शेला आहे. तो कुणाचा, कसा आला, ते ओघात येईलच. तुम्ही मांडी घालून बसा. मी कीर्तनं ऐकत म्हातारा झालेला आहे, त्यामुळे मुद्द्याला पोचायला मला जरा वेळ लागतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिल्यांदा उजळलो तेव्हा समोर एक पांढरा कोट घातलेली बाई होती. तिनं मला लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवायला लावले, मान डोलावली आणि पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. मग थर्मोकोल, खोका, ट्रक आणि बरेच दिवस अंधार. खोका उघडला तो थेट हिंगोलीत.

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती. आपल्या लेकरानं आता कॉम्प्युटर शिकायलाच पाहिजे असं घराघरात वाटायला लागलं होतं. मी एका क्लासमध्ये होतो. खिडक्यांना मखमली पडदे, आत गारवा, आणि दारात चपलांचा ढीग. देवळात यावं तशी मुलं पाय पुसून आत येत. माझ्या काचेवर तळहात फिरवला की चर्रर्र असा आवाज होई आणि त्यांच्या हातावरची लव उभी राही. "सर, ह्यानं चावा घेतला!" असं म्हणून मुली खिदळत. काय सांगू, मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पण नवं यायचं ते येतंच. क्लासमध्ये मोठे मॉनिटर आले आणि मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. पुढे क्लासच बंद पडला. तिथून शिवहारनं मला उचललं.

तो मला एस. टी.नं घेऊन आला. खोका नव्हता, म्हणून त्यानं घरून एक गोधडी आणली होती. तिच्यात मला गुंडाळून मांडीवर घेतलं. कंडक्टर आला आणि गोधडीकडे बघत म्हणाला, "ह्याचं तिकीट?"

"लेकरू हाय साहेब, मांडीवर घेतलंय," शिवहार म्हणाला.

"लेकराचं डोस्कं लई मोठं दिसून राहिलं!" कंडक्टर हसत पुढे गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाचे तरी आहोत.

दारात शिवहारची आई नर्मदाबाई आरती घेऊन उभीच होती. तिनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. अर्धं कुंकू बटणाच्या फटीत गेलं. शिवहारची बायको मोहिनी कापसाच्या काडीनं ते काढत बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, ह्याला कुंकू नका लावू, बिघडंल."

"काहून? सवाष्ण बिघडते का कुंकवानं?" नर्मदाबाई म्हणाली.

दुकानात लग्नाच्या पत्रिका होत, सप्ताहाच्या पत्रिका होत, आणि लग्नांचं, कीर्तनांचं चित्रीकरण करून त्याच्या सीडी बनत. शिवहार कॅमेरा घेऊन गावोगाव फिरे, आणि माझ्यासमोर बसून जोडकाम करायची ती मोहिनी. तिची बोटं हलकी होती. एखादं चित्र मनासारखं जमलं की ती माझ्या काचेवरची धूळ पदरानं पुसायची, जणू शाबासकीच.

आणि दाराशी होता स्पीकर.

मित्रांनो, त्याच्याबद्दल नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. भजनी मंडळानं नवा कर्णा घेतला तेव्हा हे जुनं लाकडी खोकं नर्मदाबाईनं मागून आणलं होतं. रोज सकाळी सडा झाला की ती टेपवर कॅसेट लावायची. कॅसेट हट्टा गावच्या पुंजाजी महाराजांच्या कीर्तनाची. काय आवाज होता! आधी खर्जात, विहिरीत उतरल्यासारखा. मग एखादा दृष्टान्त सांगताना शेजारणीशी बोलावं तसा साधा. आणि नामाचा गजर आला की असा वर चढायचा की माझी काच थरारायची. मी यंत्र. मला देव कुठून कळणार? पण त्या आवाजात कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारतंय असं वाटायचं. सकाळ झाली की मी कॅसेटची वाट पाहायचो.

हट्ट्याच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन दरवर्षी पुंजाजी महाराजांचंच. शिवहारनं एका वर्षी ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं होतं. बरं झालं घेतलं. कारण पुढल्या पावसाळ्यात महाराजांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नुसती फुसफूस उरली.

सप्ताह जवळ आला. काल्याला उभं कोण राहणार? गावातली चार जाणती माणसं शिवहारकडे आली. "दुसरा बुवा न्हाई आणायचा," ती म्हणाली. "महाराजाचं ते कीर्तन सीडीवर घालून दे. मांडवात मोठा टी. व्ही. लावतो. महाराज समोर बसतील. काला त्याच कीर्तनावर व्हईल." आणि हातावर इसार ठेवून गेली.

शिवहारचे डोळे भरून आले. पण मोहिनीनं काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. महाराज हात वर करत नि हात तसाच हवेत अडकून राही. आवाज पुढे निघून जाई आणि चित्र मागे. कुठे कापावं, कुठे जोडावं, काही कळेना. दोष माझा नव्हता. खालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात जे ग्राफिक्स कार्ड होतं ते अशक्त होतं. पत्रिकेपुरतं ते बरं होतं. हलत्या चित्राचं ओझं त्याला पेलत नव्हतं. पण अडखळायचं ते माझ्या काचेवर, म्हणून माणसं बघायची माझ्याकडेच.

नर्मदाबाई दोन दिवस पाहत होती. मग ती उठली. "त्याच्या कानी देवाचं नाव नीट पडून न्हाई राहिलं," ती म्हणाली. "दारातनं वाऱ्यावर जातंय सगळं." तिनं ते लाकडी खोकं दारातून उचललं आणि माझ्या उजव्या अंगाला, अगदी गालाला गाल लागेल असं ठेवलं. त्यावर केशरी काठाचा शेला घातला, वर नागनाथाची तसबीर मांडली, तसबिरीला हार घातला, उदबत्ती लावली.

त्या सकाळी गजर सुरू झाला तेव्हा मी सुखानं विरघळलो. आवाज दुरून येत नव्हता, माझ्या अंगातूनच निघत होता. आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं झालं.

मित्रांनो, माझ्या पोटात मागून पुढे किरणांच्या तीन धारा धावतात. त्या जिथल्या तिथे पडल्या तरच रंग बरोबर दिसतो. स्पीकरच्या पोटात असतं मोठं लोहचुंबक. ते जवळ आलं की या धारा वाकतात. हे मला आतून कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे? मी दाखवू शकतो, सांगू शकत नाही. म्हणून मी दाखवलं. माझ्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग उमटला.

आणि खरं सांगू? सांगता आलं असतं तरी माझी जीभ अडखळली असती. कारण सांगितलं की तो स्पीकर दूर जाणार.

डाग पडला नेमका तिथे, जिथे मोहिनी फोटो मोठा करून बघायची. त्याच सुमाराला तांड्यावरचा शंकरसिंग आपल्या मुलाच्या, प्रेमदासच्या, लग्नाची पत्रिका करायला आला होता. पत्रिकेवर नवरदेवाचा फोटो पाहिजे होता. मोहिनीला तो फोटो जांभळट दिसला. तिनं जांभळेपणा कमी केला. अजून थोडा केला. माझ्या काचेवर प्रेमदास छान गोरागोमटा दिसायला लागला तेव्हा तिनं पत्रिका छापल्या, शिवहारनं घाईघाईत गठ्ठा बांधला, आणि शंकरसिंग घेऊन गेला.

चार दिवसांनी तो दुकानात आला तो पत्रिका हातात नाचवतच.

"शिवहार शेठ, हे काय करून ठिवलं? माझं पोरगं हिरवं काहून दिसून राहिलं?"

शिवहारनं पत्रिका उजेडात धरली. प्रेमदास खरोखरच कच्च्या पेरूसारखा दिसत होता.

"व्याही काल घरी आला," शंकरसिंग म्हणाला. "बसला न्हाई, पाणी पेला न्हाई. म्हणला, पोराला कावीळ हाय का ते खरं सांगा, मग पुढचं बोलू. पोराची माय जिवनबाई तवापासून रडून राहिली. पोरगं तिकडं तांड्यात उन्हात उभं राहून लोकायला डोळे दाखवून राहिलं, बघा म्हणून, पिवळे हायेत का!"

मोहिनीनं संगणकावरचा फोटो आणि हातातली पत्रिका दोन्ही पाहिलं, आणि मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

हिंगोलीहून दुरुस्ती करणारा हरिचंद आला. हुशार माणूस. पण तो आला तेव्हा टेप बंद होता, आणि माझ्या शेजारी त्याला दिसलं ते शेला पांघरलेलं, तसबीर नि हार मांडलेलं देवस्थान. त्यानं चप्पल काढली, त्या खोक्याला भक्तिभावानं हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, ह्याची ट्यूब गेली. हे मरतुकडं झालंय."

चुंबकाचं हे त्याच्या तरी ध्यानात यायला हवं होतं. पण देवाच्या खालचं कापड उचलून बघायची आपल्याकडे रीत आहे का?

"आणि चित्र अडखळतंय ते?" शिवहारनं विचारलं.

"ते कार्ड. नवीन टाकावं लागंल. दोन्ही बदला, बराबर चालंल."

"दोन्हीचं न्हाई जमणार. एकच काय ते सांग."

हरिचंदनं हात झटकले. "एका डोळ्यानं आंधळं नि एका पायानं लंगडं. आधी काय बरं करायचं, ते तुमी ठरवा." नर्मदाबाईच्या हातचा चहा पिऊन तो गेला.

मग घरात सुरू झालं ते काही थांबेना. जेवताना तेच, सडा टाकताना तेच.

"आधी कार्ड," शिवहार म्हणायचा. "तोंड जांभळं दिसलं तरी मांडवात कीर्तन चालंल. पण अडखळलेलं कीर्तन? महाराज गजर करून राहिले नि हात हवेत टांगलेला! लोक हसतील त्यायला."

"आधी मॉनिटर," मोहिनी म्हणायची. "मला जे दिसतं ते खरं की खोटं हेच मला कळत न्हाई. प्रेमदासची कावीळ महाराजाच्या तोंडावर उमटली तर? आख्खं गाव बघणार हाय, अहो."

"सीडी अडखळली तर?"

"नि महाराज हिरवे दिसले तर?"

नर्मदाबाई मधूनच म्हणायची, "थोडं नाव पडू द्या की त्याच्या कानी," आणि स्पीकर आणखी बोटभर माझ्याकडे सरकवायची. डाग बोटभर पसरायचा.

मित्रांनो, त्या दिवसांत माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते काय सांगू! रस्त्यावरून भंगारवाला गाडा ढकलत जायचा आणि त्याची ती लांबलचक आरोळी दुकानाशी आली की जरा जास्तच लांबायची असं मला वाटे. हिंगोलीच्या क्लासमधला माझा भाऊ अशाच एका गाड्यावर उलटा पडून गेलेला मी पाहिला होता. त्याची काच आभाळाकडे होती आणि तिच्यात ढग दिसत होते. आपलंही तेच होणार. होवो. पण काल्याचं कीर्तन पुरं व्हायच्या आत नको. महाराजांचा चेहरा एकदा तरी आपल्या काचेवर स्वच्छ उमटू दे. रोज सकाळी गजर सुरू व्हायचा आणि मी तेच मागणं मागायचो, आणि ज्याच्या तोंडून गजर यायचा तोच माझ्या काचेवर डाग पाडत असायचा. असा माझा तिढा होता.

शेवटी मोहिनीचं म्हणणं पटलं. शिवहार म्हणाला, "ठीक हाय. उद्या सकाळी हिंगोलीला जातो. हा देऊन नवा घेऊन येतो." आणि त्यानं एस. टी.तली तीच गोधडी ट्रंकेतून काढून खुर्चीवर ठेवली. तिच्याच मायेच्या उबेत मी इथे आलो होतो, आता तिच्यातच परत जायचं.

त्याच दिवशी दुपारी दारात चिपळ्या वाजल्या.

पुंजाजी महाराज आले होते. आवाज गेल्यापासून ते कुणाला हाक मारायची तर चिपळ्या वाजवायचे. पांढरं धोतर, गळ्याला मफलर, हातात पिशवी. नर्मदाबाई धावत जाऊन पाया पडली. महाराजांनी खुणेनं विचारलं, आमची स्वारी कुठं आहे? स्वतःचं कीर्तन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? ते नेहमी कीर्तनाच्या आतच असायचे.

मोहिनीनं मला सुरू केलं. महाराज माझ्यासमोर बसले आणि माझ्या काचेवरही महाराजच उभे राहिले, फेटा बांधलेले, अर्धा चेहरा जांभळा.

खुर्चीतल्या महाराजांचे खांदे हलले. ते हसत होते. फुसफुशीत आवाजात म्हणाले, "काल्याच्या दिशी म्यां जांभळं खाऊन उभा राहिलतो का काय?"

सगळे हसले. आणि तेवढ्यात नर्मदाबाईनं टेप लावला नि माझ्या शेजारच्या खोक्यातून त्यांचाच आवाज निघाला. भरलेला, खणखणीत, वर वर चढत गेलेला.

महाराजांचं हसू गेलं. त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला. मग दोन्ही हात हलवून म्हणाले, "बंद कर. बंद कर, लेकरा. हे खोकं माझ्या समोरून ने. आवाज नको. नुसतं दाव."

नर्मदाबाई कळवळली. "महाराज, देवाचं नाव हाय त्यात."

"देवाचं हाय गं बाई," महाराज म्हणाले. "पण आवाज माझा हाय."

शिवहारनं तसबीर उतरवली आणि शेल्यासकट तो स्पीकर मागच्या खोलीत नर्मदाबाईच्या बाजेखाली नेऊन ठेवला. मग महाराजांनी आपलं कीर्तन आवाजाविना पाहिलं. चित्र अडखळत होतं, डाग होताच. पण त्यांचे ओठ हलत होते. काचेवरचे ओठ थांबले तरी समोरचे थांबत नव्हते. माझ्या काचेवरच्या महाराजांना वाट दाखवावी तसे ते पुढे पुढे जात होते. मला आवाज ऐकू येत नव्हता, तरी सगळं कीर्तन ऐकू येत होतं.

थोड्या वेळात लाईट गेली. त्या काळी आमच्याकडे ती येण्यापेक्षा जायचीच जास्त. महाराज त्या दिवशी मुक्कामाला राहिले, सकाळी नागनाथाचं दर्शन घेऊन जावं म्हणून.

उजाडलं. लाईट आली होती. शिवहार अंघोळ करून तयार झाला. गोधडी उलगडली. मी म्हणालो, नागनाथा, निघालो.

"थांबा," मोहिनी म्हणाली. "एक पत्रिका त्याच्यात अर्धी राहिली. फ्लॉपीत काढून घेते." आणि तिनं माझं बटण दाबलं.

मित्रांनो, मी सुरू होतो तेव्हा माझ्या पोटात दण्ण असा आवाज होतो. ती माझी अंघोळ असते. जुनी सगळी ओढ मी त्या वेळी झटकून टाकतो. रोज झटकायचो, पण स्पीकर शेजारीच असल्यामुळे नाहून लगेच चिखलात बसल्यासारखं व्हायचं. त्या सकाळी शेजारी कुणी नव्हतं. दण्ण झालं, आणि माझी काच निरभ्र झाली.

"अहो!" मोहिनी ओरडली. "इकडं या! डाग गेला!"

शिवहार धावत आला. गोधडी त्याच्या खांद्यावरच होती. "वायर हलली आसंल," तो पुटपुटला आणि त्यानं माझ्या पाठीला दोन चापट्या मारून पाहिल्या. डाग नाही तो नाहीच. देवदर्शनाहून आलेले महाराज दारातच थबकले.

"नागनाथानं ऐकलं!" नर्मदाबाईनं हात जोडले. "बघा, म्या म्हणत न्हवते? आता सकाळचं नाव पडू द्या त्याच्या कानी, म्हंजी पुन्हा यायचा न्हाई डाग." ती लगबगीनं आत गेली, म्हाताऱ्या कमरेनं ते जड खोकं स्वतः उचलून आणलं आणि माझ्या गालाशी ठेवू लागली.

मी काय करू शकत होतो? मी फक्त दाखवू शकत होतो. खोकं जवळ येताच माझ्या कोपऱ्यातून जांभळा रंग पाण्यात शाई सोडावी तसा पसरत आला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

नर्मदाबाईनं खोकं जरा मागे घेतलं. जांभळा मागे गेला. पुन्हा पुढे केलं. पुन्हा आला.

"चुंबक!" शिवहारनं कपाळावर हात मारला. "आरं देवा, स्पीकरात चुंबक असतं की!"

मोहिनी हसणार होती. पण तिनं सासूकडे पाहिलं आणि ओठ मिटले. नर्मदाबाई खोकं छातीशी धरून तशीच उभी होती. तोंड पार उतरलं होतं.

"म्हंजी... हे म्याच केलं?" ती म्हणाली. "त्या तांड्यातल्या पोराला कावीळ... माझ्याच हातानं झाली? बरं व्हावं म्हणून ठिवलं व्हतं गं मोहिने. देवाचं नाव व्हतं त्यात."

चिपळ्या एकदा वाजल्या. महाराज पुढे आले. त्यांनी नर्मदाबाईच्या हातातून खोकं घेतलं, शिवहारकडे दिलं, आणि खाली बसून दम खाऊन बोलू लागले. एकेक शब्द विहिरीतून पोहरा काढावा तसा वर येत होता.

"बाई, तुमच्या नावात खोट न्हाई. ह्याच्या काचेत खोट न्हाई. दोघं लई चिकटले, एवढंच. लेकरू सारखं कडेवर ठिवलं तर त्याला चालता येतं का? उतरवावं लागतं. माया कमी होती व्हय त्यानं?" मग थांबून त्यांनी मफलर नीट केला. "शिवहार, ते खोकं तिकडं पार कोपऱ्यात ठिव, बाईच्या बाजेपाशी. नि लाव."

"काय लावू महाराज?"

"कॅसेट. माझी. आवाज वाढव. हितपर्यंत यायला पाहिजे."

नर्मदाबाईनं डोळे पुसत विचारलं, "पण महाराज, तुमाला तर..."

"काल न्हाई सोसलं," महाराज म्हणाले. "आज तुमच्यासाठी सोसतो. रोज सकाळी तुमी ऐकता, आन् मी स्वतःच्या आवाजाला भ्यायचं?"

मागच्या खोलीतून गजर उठला. आवाज दुरून येत होता, दोन खोल्या ओलांडून, पण येत होता. माझी काच थरारली नाही. पण त्या दिवशी, मित्रांनो, मला कळलं की हाक दुरून आली तरी ती आपल्यालाच असते. महाराज डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती.

शिवहारनं गोधडी घडी करून ट्रंकेत ठेवली. हिंगोलीला तो गेला, पण मला न घेता. संध्याकाळी आला तो पिशवीत कार्ड घेऊनच. हरिचंदही सोबत होता. त्यानं कार्ड बसवलं, सगळी हकिगत ऐकली, आणि बाजेजवळच्या खोक्याकडे बघून आपला कान पकडला. "मला वाटलं देव हाय!" तो म्हणाला.

"देव हायच," नर्मदाबाई फटकन म्हणाली. "फकस्त जागा चुकली व्हती."

मोहिनीनं आधी प्रेमदासचा फोटो नीट केला. पत्रिका पुन्हा छापल्या. शंकरसिंग त्या घेऊन व्याह्याकडे गेला आणि परत येताना तांड्यावरच्या भाजलेल्या शेंगा घेऊन आला. म्हणाला, "आता कसं, माझं पोरगं माझंच दिसून राहिलं!" मग तिनं काल्याचं कीर्तन हाती घेतलं. माझ्या काचेवर महाराजांनी हात वर केला आणि तो हात कुठेही न अडकता नदीसारखा खाली आला. चेहरा उन्हातल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा होता. मोहिनीनं पदरानं माझी काच पुसली.

हट्ट्याच्या मांडवात मी नव्हतो. तिथे टी. व्ही. होता. पण नर्मदाबाईनं परत आल्या आल्या मला सगळं सांगितलं, तेही माझ्यासमोर पाट घेऊन बसून. टी. व्ही.तल्या महाराजांनी गजरासाठी हात वर केला तेव्हा आख्खा मांडव उभा राहिला. समोर बसलेल्या महाराजांनी चिपळ्या वाजवल्या. आवाज टी. व्ही.तला आणि ताल समोरचा, दोन्ही बरोबर एकाच ठोक्यावर. आणि काल्याची हंडी महाराजांनी स्वतःच्या हातानं फोडली. हे सांगताना नर्मदाबाईला हुंदका आवरेना, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेत दिसत राहिलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी काम केलं. पुढे सपाट पडदा आलाच. त्याच्यावर माझा राग नाही. भंगारवाल्याचा गाडा दाराशी थांबला तेव्हा मोहिनीच आडवी आली. "हा न्हाई द्यायचा," ती म्हणाली. म्हणून मी या मागच्या खोलीत आहे. नर्मदाबाईनं तो केशरी काठाचा शेला स्पीकरवरून काढून माझ्यावर घातला. स्पीकर अजूनही बाजेपाशी असतो, मी या टोकाला. खोली झाडताना ती आम्हा दोघांमधलं अंतर नजरेनं मोजते आणि खोकं चुकून जवळ आलं असलं तर पायानं मागे सारते. मी आता सुरूही होत नाही, डाग पडला तरी कुणाला दिसणार? पण ती सारतेच.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात एखादं यंत्र अडखळलं, एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर डाग दिसला, तर लगेच त्याला मोडीत काढू नका. आधी त्याच्या शेजारी काय ठेवलंय ते पाहा. आणि ते कुणीतरी मायेनं ठेवलेलं निघालं, तर रागावू नका. हलक्या हातानं उचला, जरा दूर ठेवा, आणि आवाज थोडा वाढवा.